भरतीची अक्षरं

संपादकांनी निरोप धाडला, "इतकी वर्षं छापखान्यात काढलीत, दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा की." मी हुरळलो. घरी सांगितलं, तर आमच्या मंडळींनी तव्यावरची भाकरी परतता परतता विचारलं, "तुम्ही लिहिणार, की दुसऱ्यानं लिहिलेलं जुळवणार?"

प्रश्न रास्त होता. मी बेळगावातल्या एका बोळातल्या छापखान्यात जुळारी. खणाखणांच्या लाकडी केसमधून शिशाचे खिळे उचलायचे, ओळीत जुळवायचे, आणि दुसऱ्याची अक्कल त्याच्या नावावर छापून द्यायची, हा माझा धंदा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. त्यामुळे जगाला जे सुलटं दिसतं ते मला उलटं दिसतं, असं घरातली पोरं म्हणतात. त्यांच्या आईचंही मत फार वेगळं नाही.

पण आज सांगायचं आहे ते जुळारीपणाबद्दल नाही, माझ्या जोडधंद्याबद्दल. लोक मला तीन-चार इंग्रजी अक्षरं आणून देत आणि मी त्यांना ती सगळी अक्षरं पोटात असलेला एक इंग्रजी शब्द काढून देई. असा धंदा असतो हे आज कुणाला पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं.

त्याचं मूळ निपाणीत. तिथले तंबाखूचे व्यापारी बोदांवर, म्हणजे गोणपाटाच्या गाठोड्यांवर, काळ्या रंगानं भागीदारांची इंग्रजी आद्याक्षरं रंगवत. तोच त्यांचा मार्का. पुढे पुड्यांवर छापील चिठ्ठ्या लावायची टूम निघाली आणि गिऱ्हाईक नाव मागू लागलं. "जी. टी. आर. द्या म्हणायचं म्हंजे म्हशीला हाकलल्यागत वाटतंय," असं एक निपाणीकर मला म्हणाला. नाव हवं, तेही रुबाबदार म्हणजे इंग्रजी हवं. पण प्रत्येक भागीदाराचं अक्षर त्यात असलंच पाहिजे. नाहीतर ज्याचं अक्षर नाही तो म्हणणार, मी भागीदार आहे की हमाल?

आता माझं इंग्रजी. मॅट्रिकला इंग्रजीनंच मला हात धरून घरी आणून सोडलं होतं. पण वर्षानुवर्षं इंग्रजी मजकूर जुळवल्यामुळे हजारो शब्द चेहऱ्यानं ओळखीचे झाले होते. त्यांचं घराणं, म्हणजे अर्थ, विचारू नका; रस्त्यात भेटले तर नमस्कार होई एवढंच. छापखान्यात एक डिक्शनरी होती, तिची पुढची पानं कधीकाळी शाई पुसण्यात खर्ची पडलेली. त्यामुळे माझी इंग्रजी भाषा बीपासून सुरू होते. ए इंग्रजांनी स्वतःजवळ ठेवला.

रीत अशी. दिलेली अक्षरं समोर ठेवायची. मधे स्वर घालून बघायचे, कारण स्वराशिवाय इंग्रजी शब्द उभा राहत नाही. काही अक्षरांची लग्नं लागलेली असतात, ती आधी जुळवायची: एस-टी, टी-आर, एन-जी. क्यू तर यूला सोबत घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मग तोंडानं पुटपुटत फिरवत बसायचं. आमच्या आळीत समज असा, की बापूराव जप करतात.

यात अडचण आमच्या नक्षीच्या खिळ्यांची. कँपातल्या, म्हणजे गोऱ्यांच्या लष्करी वस्तीतल्या, एका लिलावात मालकांनी मोठ्या, वेलबुट्टीच्या इंग्रजी खिळ्यांचा संच घेतला होता. सगळ्यांना चिठ्ठीवर तेच हवे असत. आणि त्यात प्रत्येक अक्षर एकच. फक्त क्यू दोन! म्हणजे शब्दात कुठलंही अक्षर दुसऱ्यांदा येता कामा नये.

शिवाय धंद्याची एक रीत होती, ती मोडता येत नसे. भागीदार निघून गेला किंवा वारला, की त्याचं अक्षर मार्क्यातून काढायचं. ठेवलं तर उद्या त्याच्या घरचं कुणी येऊन हिस्सा मागेल. आणि शब्द पुरा करायला जी जास्तीची अक्षरं लागत, त्यांना आम्ही भरतीची अक्षरं म्हणू. तीदेखील घरातल्या कुणाच्या नावावर पडू द्यायची नाहीत, कारण तेच. म्हणून मी आधी सगळ्या नात्यागोत्याची चौकशी करी. लग्न जुळवणाऱ्यानं करावी तशी.

निपाणीच्या तुकाराम, गोविंदा आणि रामगोंडा या तिघांना मी टायगर काढून दिला. टी, आय, जी, ई, आर. तुकाराम इतका खूश झाला की, "वाघ म्हंजे वाघच, बापूराव!" म्हणत त्यानं मला मिठी मारली आणि माझा सदरा दिवसभर शिंकत होता. पुढे नागाप्पा भागीत आला. एन हवा. मी स्ट्राँग काढला. तंबाखूला याहून चांगलं नाव कुठलं? पण तुकाराम म्हणाला, "माझा वाघ घालवलासा," आणि त्या रागात की आणखी कशात, तोच भागीतून बाहेर पडला. टी काढा! आता जी, आर, एन. निघालं ऑरेंज.

महिन्याभरानं गोविंदा आला. "गिऱ्हाइकं इचारत्यात, तंबाखूला संत्र्याचा वास येतोय का म्हणून."

"मग तुम्ही काय सांगता?"

"येतोय म्हणतो की. आन भाव चढवतो."

आणखी एक जोडी आठवते, विरूपाक्ष आणि व्यंकटेश. दोघंही व्ही, आणि आमच्याकडे व्ही एकच. दोघांत एक व्ही चालेना. तो कुणाचा, यावरून छापखान्यातच जुंपली. शेवटी मी डब्ल्यू उचलून दाखवला. "हे बघा, दोन व्ही खांद्याला खांदा लावून उभे आहेत." त्यांना क्राउन दिला, शेवटून दुसरा डब्ल्यू. दोघं हसत पायऱ्या उतरले आणि लगेच परत आले. विरूपाक्षाला विचारायचं होतं, "त्यातला उजवा कुणाचा?"

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना शहापूरचे तिघे भाऊ आले.

शहापूर म्हणजे बेळगावाला चिकटलेलंच, पण रेल्वेचं फाटक ओलांडलं की संस्थानी मुलूख. घरोघर माग आणि दिवसभर खटखट. गंगाप्पा, रुद्राप्पा आणि दुंडाप्पा हे तिथले विणकर. गंगाप्पा वडीलधारा, बोलणं मोजकं. रुद्राप्पा मान डोलावणारा. दुंडाप्पा इंग्रजी दुसरीपर्यंत शिकलेला, म्हणून कोट घालणारा. ते भांडत कानडीत आणि व्यवहार मराठीत करत, त्यामुळे कुठं गप्प बसायचं हे मला बरोबर कळे.

बेळगावच्या पेढीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, की या दिवाळीपासून लुगड्याच्या घडीवर छापील इंग्रजी चिठ्ठी असेल तोच माल उचलणार. जी, आर, डी ही अक्षरं. मला गार्डन सुचायला वेळ लागला नाही. भरतीला ए, ई आणि एन.

"घरात आणखी कोण?" मी रिवाजाप्रमाणे विचारलं.

"सगळ्यांत थोरला मल्लाप्पा व्हता," गंगाप्पा म्हणाला. "गेल्या साली गेला. लेक न्हाय, एक ल्हान पोरगी हाय. त्याचं अक्षर धरू नगा."

धरायचं कारणच नव्हतं. कच्चा छाप तयार करून मी दोरीवर वाळत घातला. पक्की छपाई दसऱ्यानंतर, असं ठरलं.

दोन-तीन दिवसांनी एक बाई छापखान्यात आली. डोईवर पदर, काखेत सुताच्या कांड्यांची पाटी. "शापूरची चिठ्ठी दावा," म्हणाली. मी दोरीवरचा कागद दिला. तिनं तो नीट न्याहाळला, अगदी लुगड्याचा काठ तपासावा तसा.

"ह्यात करवतीचं अक्षर न्हाय."

"कसलं?"

तिनं पाटीतून धोटा काढला. विणताना दोऱ्यांमधून इकडून तिकडं धावतो तो. त्यावर एम कोरलेला होता. करवती काठाचे दोन दात असावेत तसा. "हे आमच्या मालकांचं."

ती मल्लाप्पाची बायको, लगमव्वा. नवरा गेल्यापासून त्याच्या मागावर ती स्वतः बसत होती. आता शहापुरात बायका कांड्या भरत, सूत उकलत; मागावर बसायचा पुरुष. त्यामुळे गल्लीत कुजबुज होतीच.

"चिठ्ठीत अक्षर न्हाय म्हंजे ह्या मागाचा माल ह्यांच्या चिठ्ठीत जाणार न्हाय," ती म्हणाली. "गंगाप्पा म्हणतोय, वैनी, तुला खायाला घालतो, तू कांड्या भर, माग रुद्राप्पाच्या पोराला दे. मी कांड्या लई भरल्या, अण्णा. आता मला विणाय येतंय. येतंय ते सोडू व्हय?"

मी रीत सांगितली. गेलेल्या माणसाचं अक्षर ठेवत नाहीत. आणि काम गंगाप्पाचं, त्याला विचारल्याशिवाय मला शब्द बदलता येत नाही.

"तुमी शब्द काढून ठेवा," ती धोटा पाटीत टाकत म्हणाली. "गंगाप्पाचं मी बघते."

म्हणजे गंगाप्पाशी भांडायचं काम तिच्याकडे आणि इंग्रजीशी भांडायचं माझ्याकडे. मला वाटलं, तिचंच सोपं आहे.

एम, जी, आर, डी. एकही अक्षर दोनदा नको. मी डिक्शनरीत बीपासून उतरलो आणि हात हलवत वर आलो. मालक म्हणाले, "मगर्ड म्हणून छापून टाका, शहापुरात कोण विचारतंय?" पण इंग्रजांना ठाऊक नसलेल्या शब्दाचा बाप व्हायची माझी तयारी नव्हती. जेवताना पानाभोवती पुठ्ठ्याचे अक्षरतुकडे मांडायची मला सवय होती. आमच्या मंडळींना इंग्रजीचा गंध नाही, पण त्या येता-जाता तुकडे हलवत. आमटी वाढताना त्यांनी एम उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवला.

"हे काय?"

"थोरला होता ना तो? मग पहिला बसवा. एवढी तरी रीत पाळा."

आधीच शब्द सापडेना, त्यात तो एमपासूनच सुरू करायचा! एकदा ग्रँडमा असा शब्द हाताशी आला. पण त्यात ए दोन. शिवाय त्याचा अर्थ आजी. आजीबाई असं कपाळावर लिहिलेलं लुगडं कुठली नवी सून नेसेल? मी तो आमटीत बुडवला.

होता होता खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. यंत्र धुऊनपुसून लख्ख करायचं, केसेसना हळदकुंकू लावायचं, आणि एकाही खिळ्याला हात लावायचा नाही. त्यांचा तो सुटीचा दिवस. मी ट्रेडल छापयंत्राच्या चाकाला झेंडूची माळ बांधत होतो. ती सुटली, मी पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. आणि एकदम मला कँपातल्या मडमांचं पुष्पप्रदर्शन आठवलं. त्याच्या बक्षिसांचा कागद आम्हीच छापला होता, आणि त्यातल्या झेंडूच्या ओळीचे खिळे माझ्या हातून असेच सांडले होते, दोनदा जुळवावे लागले होते. तो शब्द उलटा, शिशातला, डोळ्यांपुढे उभा राहिला.

मॅरिगोल्ड. एम, ए, आर, आय, जी, ओ, एल, डी. एमपासून सुरू. आठ अक्षरं आणि एकही दोनदा नाही!

मी ओरडलोच. मालकांना वाटलं, बोट चाकात सापडलं. शब्द जुळवून दाखवतो म्हटलं, तर ते म्हणाले, "आज खिळ्याला शिवायचं नाही म्हणजे नाही." पण माझ्याच्यानं थांबवेना. चौघा भावांची नावं मनात पुन्हा तपासली. रुद्राप्पाच्या पोराचं, चुलत्यांचं, मामांचंही. भरतीचं एकही अक्षर कुणाच्या नावावर पडत नव्हतं. टोपी घातली आणि फाटक ओलांडून शहापूर गाठलं.

त्या दिवशी शहापुरात खटखट नसते. ती शांतता कानाला चुकल्यासारखी वाटते. गंगाप्पाच्या घरी चार माग धुऊन ठेवलेले, चौघांनाही झेंडूचे हार. चौथ्याशी लगमव्वा बसली होती. तिन्ही भाऊ पूजा आटोपून पानसुपारी खात होते.

मी रांगोळी मागितली आणि मागांसमोरच्या जमिनीवर शब्द काढला. रांगोळी हा माझा प्रांत नव्हे. माझा ओ वांग्यासारखा आला आणि जी त्याच वांग्याला कीड लागल्यासारखा. दुंडाप्पानं कोट सावरून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. "मॅरिगोल्ड म्हणजे झेंडू," मी सांगितलं. आपला झेंडूही इंग्रजांच्या यादीत असतो, याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं. गंगाप्पानं मात्र पहिल्याच अक्षरावर बोट ठेवलं.

"हे कुणाचं?"

"मल्लाप्पांचं."

"काढा ते. गेलेल्या माणसाचं अक्षर ठेवत न्हाईत, तुमालाबी म्हाईत हाय."

मी लगमव्वाकडे पाहिलं. ती उठली नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "गंगाप्पा, सकाळधरनं पूजा कुणाची केलीस?"

"मागांची."

"किती?"

"चार."

"माणूस गेला. त्याचा माग गेला का? गेला असंल तर हार काढ त्याचा. तुज्या हातानं काढ."

रुद्राप्पाला ठसका लागला. दुंडाप्पा कोटाचं बटण शोधू लागला. गंगाप्पा कानडीत काहीतरी पुटपुटला; मी रिवाजाप्रमाणे गप्प बसलो. हार काही त्यानं काढला नाही. पण कबूलही होईना. मुरलेला माणूस, रांगोळीभोवती एक फेरी मारून आला आणि त्यानं दुसरीकडून धरलं.

"ह्या बाकीच्या अक्षरांचं काय? उद्या कोन हिस्सा मागाय आलं तर?"

"ती भरतीची," मी छाती काढून म्हणालो. "ए, आय, ओ, एल. मी सगळी नावं तपासलीत. एकही तुमच्या घरात पडत नाही."

"एल म्हंजे?"

"ल," दुंडाप्पा म्हणाला.

"ल चं आमच्यात कोनी न्हाय," गंगाप्पानं मान्य केलं.

"नाहीच," मी म्हणालो. "मामांपर्यंत पाहिलंय."

स्वयंपाकघराच्या दारात रुद्राप्पाची बायको उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू बाहेर आलंच. "लगमव्वाआक्का न्हाय व्हय आमच्यात?"

घरात त्या दिवशी माग बंद होते हे मी सांगितलंच आहे. आता माणसंही बंद पडली. इतक्या वर्षांत मी किती घरांची नावं तपासली; चुलते, मामे, पाळण्यातले पोरगेदेखील. बाईचं नाव विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. मला नाही आणि तिथं उभ्या असलेल्या एकाही पुरुषाला नाही. आता धंद्याच्या रीतीनं शब्दच बाद! मी रांगोळी पुसायला वाकलो.

"थांबा," गंगाप्पा म्हणाला.

तो चौथ्या मागाकडे गेला. मागावर अर्धं लुगडं होतं. त्यानं काठ अंगठ्यानं चाचपला, उलटा करून पाहिला, पुन्हा चाचपला. चांगलं विणलेलं असलं की विणकराला खोटं बोलता येत नाही.

"बापूराव, गेलेल्याचं अक्षर आमी ठेवत न्हाई. ती रीत हाय, ती मी मोडणार न्हाई."

मी पुन्हा रांगोळीकडे वाकलो.

"करवतीचं अक्षर भरतीचं म्हणून ऱ्हाऊ दे. मोजायचं ते एल मोजा. विणतंय त्याचं अक्षर."

लगमव्वा तेव्हा उठली. रांगोळीजवळ आली. "त्यातलं माजं कुठलं?"

दुंडाप्पानं दाखवलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "काठी आन तिचा पाय? मालकांचं बघा की केवढं डौलदार!"

मग मात्र सगळे हसले. गंगाप्पासुद्धा.

दसरा झाला, चिठ्ठी छापली, आणि झेंडूची लुगडी पेढीवाल्यानं चारही मागांवरची उचलली. एम छापताना मी शाई जरा दाबून दिली होती, हे मालकांना माहीत नाही. ते हा अंक वाचत नाहीत, म्हणून लिहितो.

पुढे गंगाप्पाही गेला. रुद्राप्पा आणि दुंडाप्पा नव्या शब्दासाठी आले. जी काढायचा होता. मी पुठ्ठ्याचे तुकडे काढून मांडतोय, तोवर मागून लगमव्वा आली. "शब्द बदलायचा न्हाय. गंगाप्पाचं अक्षर भरतीत घाला. तेनंच शिकवलंय." भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान डोलावली. हळूहळू ही गोष्ट शहापूरभर झाली, निपाणीपर्यंत गेली. आता कुणी अक्षर काढत नाही, कुणाला नवा शब्द लागत नाही. माझ्या जोडधंद्याचे बारा वाजवले ते माझ्याच झेंडूनं. निपाणीचा ऑरेंजवाला तेवढा अजून कुरकुरतो, पण तो सवयीनं.

यंदा इंग्रज गेले. मालक म्हणाले, आता मराठी नावं येतील, तो नक्षीचा संच मोडीत घालू. त्याच आठवड्यात लगमव्वा चिठ्ठ्या संपल्या म्हणून आली. केस पिकलेत, काखेत तीच पाटी. बरोबर तिची मुलगी होती. गेल्या साली लग्न होऊन जावई इथंच राहायला आलाय. मी आपला जुन्या हौसेनं म्हणालो, "लगमव्वाबाई, एखादा नवा शब्द काढून देऊ का? बऱ्याच दिवसांत काढला नाही."

"नगं. हाय त्योच द्या. फक्त एक अक्षर मोजणीत धरा." तिनं मुलीला पुढं केलं. "आमची अंबू मागावर बसतीया आता. हिचं अक्षर कुठलं?"

"ए," मी म्हणालो, आणि चिठ्ठीवर बोट ठेवून दाखवलं. एमच्या अगदी शेजारी.

अंबूनं वाकून पाहिलं. "हे कवा घातलं?"

"ते पहिल्यापासून आहे," मी म्हणालो. खरंच होतं. गार्डनमध्येसुद्धा होतं.

संच मोडीत घालायचं मालकांना मी अजून लांबवायला लावलं आहे.